भिंतीवरच्या पाच ओळी

गुरुवारी सकाळी एका गालावरचा फेस अजून तसाच असताना बायकोनं बाथरूमच्या दारातून सांगितलं की नवं मशीन शनिवारी येतंय, आणि त्याच्या हातातलं पातं हनुवटीपाशी नको तेवढं खोल गेलं. "कसलं मशीन?" त्यानं आरशातल्या तिला विचारलं. "खेळाचं. टीव्हीला जोडायचं," ती म्हणाली. "आपला खेळ चालतो त्याच्यावर. जुने खेळसुद्धा चौपट स्पष्ट दिसतात म्हणे. आमच्या प्रेसमधल्या एकीच्या घरी पाहिलं मी. दुसराच कुठला तरी जुनापुराणा खेळ होता, पण काय सांगू तुला, भिंतीच्या विटा मोजता येत होत्या!" मग ती जरा थांबली आणि शेहेचाळीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशी लाजली. "आता तरी वाचता येईल मला, तू काय लिहिलं होतंस ते." तो "वा" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? रक्ताचा थेंब फेसात उतरून गुलाबी झाला, आणि ती "अय्या, कापलं की" म्हणत तुरटी शोधायला गेली. तुरटी शोधायला आधी चष्मा शोधावा लागला. तो नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावरच होता. या घरात गेली वीस वर्षं हा एकच विनोद चालू होता, आणि दोघंही त्याला इमानानं हसत आले होते. त्या दिवशीही हसले.

आपला खेळ म्हणजे एका टपालवाल्याचा खेळ. एकवीस वर्षांपूर्वी, सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक कंपनी होती. सहा पुरुष, एक बाई आणि एकच धड खिडकी. तिथे त्यांनी तो खेळ केला. ओस पडलेल्या शहरात एक टपालवाला शेवटचं पत्र पोचवायला निघतो, गल्ल्याच गल्ल्या, भिंतीच भिंती. त्या भिंती याच्या. ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या, जाहिरातींची कागदं चिकटवलेल्या. त्याला भिंतवालाच म्हणत. आणि ती टेस्टर. टेस्टरचं काम ऐकायला मजेचं वाटतं, दिवसभर खेळायचं आणि पगार घ्यायचा. पण तिचं खेळणं म्हणजे टपालवाल्याचा खांदा भिंतीला घासत घासत प्रत्येक गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. कुठे भिंतीला भोक राहिलंय, कुठे माणूस आरपार जातो, कुठे अडकून थरथरत बसतो, हे तसंच सापडतं, दुसरी तोड नाही. तीस गल्ल्या, रोज, डाव्या बाजूनं एकदा, उजव्या बाजूनं एकदा. ती हे न कंटाळता करायची. पोरांनी तिचं नाव ठेवलं चिचुंद्री. भिंतीच्या कडेकडेनं फिरते म्हणून, आणि दुसरं कारण असं की तिच्या कोपरांना तेव्हा काहीतरी त्वचेचं दुखणं होतं, त्यावर ती एक पिवळं मलम लावायची, आणि ती खोलीत आली की मलमाचा वास आधी यायचा. चिचुंद्रीलाही वास असतोच. नाव याचंच. अशी नावं त्याला पटकन सुचत. लोक हसले की त्याला चार घास जास्त जायचे.

आणि खिडकी. खिडकीजवळ एकच खुर्ची मावत होती, आणि तिथे बसणारा नोकरी सोडून गेल्यावर खुर्ची कुणाची यावर आठ दिवस कुरबुर चालली. मुकादम म्हणाला, पैज लावू. मुकादम म्हणजे त्यांचा टीम लीडर, खरं तर इंजिनियर, पण उभ्या उभ्या कामं करून घ्यायचा म्हणून मुकादम. कशावर पैज, तर कुणी तरी म्हणालं चिचुंद्रीला पटवून दाखवायचं. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती. पण भिंतवाल्याला ती इतकी आवडली की त्यानं त्या दुपारी तिसऱ्या गल्लीसाठी एक नोटीस रंगवली, फाटक्या कडांची, पावसानं फुगलेली, आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या. चिचुंद्री पकडणे आहे. भिंतीकडेने फिरते, मलमाचा वास येतो. पटवील त्याला खिडकीची खुर्ची. मुदत खेळ बाजारात येईपर्यंत. लग्न केल्यास खुर्चीला उशी फुकट. सगळे त्याच्या पडद्याभोवती जमून पोट धरधरून हसले. ती तेव्हा चार हातांवर हेडफोन लावून अकराव्या गल्लीची डावी भिंत घासत होती. मग त्यानं नोटीस भिंतीवर चिकटवली, आणि टीव्हीवर पाहिली तर काय, पाच करड्या रेघा. त्या काळच्या मशीनला तेवढंच झेपायचं. "बघा," तो म्हणाला होता, "कुणाच्या बापाला वाचता येणार नाही."

तिला मात्र रेघा दिसल्या. तिला सगळंच दिसायचं, तेच तिचं काम होतं. एकदा तिनं त्याच्या टेबलाशी येऊन विचारलं, "तिसऱ्या गल्लीत त्या कागदावर काय लिहिलंय? काही वावगं असेल तर मला नोंदवावं लागेल." पाच जण माना खाली घालून, श्वास रोखून ऐकत होते. त्याची जीभ तेव्हा त्याच्या ताब्यात असायची. तो तिच्याकडे पाहून हळूच म्हणाला, "तुझ्याबद्दल लिहिलंय. म्हणून तर कुणाला वाचता येणार नाही असं लिहिलं." कोपरं मागे घेऊन, बाह्या खाली ओढून, ती जागेवर जाऊन बसली. आणि त्यानंतर रोज ती त्या नोटिशीपाशी टपालवाल्याला थोडा वेळ उभा करायची. त्याला ते त्याच्या जागेवरून दिसायचं. एका महिन्यानं तो खिडकीत बसायला लागला. तिथला उजेड त्याच्या तोंडावर पडायचा, आणि ती पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आली की मी याला पहिल्यांदा नीट पाहिला तो त्या खिडकीच्या उजेडात. लग्नात ऑफिसनं एक जांभळी उशी दिली. "पाच जणांत मिळून एक उशी, कंजूष मेले," असं म्हणत तिनं ती जपली. तीनदा खोळ बदलली. अजून सोफ्यावर तिच्याच पाठीशी असते.

शुक्रवारी तो कामावर होता खरा, पण हात कामात नव्हता. आता तो फरश्यांच्या कारखान्यात होता. साध्या मातीच्या फरशीवर संगमरवरासारखं दिसणारं चित्र छापतात, ती चित्रं करायचा. खोट्या दगडाच्या खऱ्या शिरा. समोरच्या पडद्यावर एक शीर मोठी करकरून पाहताना तो स्वतःला समजावत होता की नवं मशीन म्हणजे काही देव नव्हे. ते कडा धारदार करतं, दूरचं धुकं काढतं, खेळ अडखळत नाही. पण भिंतीवरचं चित्र म्हणजे चित्रकारानं जेवढ्या ठिपक्यांत जपून ठेवलं तेवढंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि त्या कंपनीत नियमच होता, प्रत्येक कागद, प्रत्येक पाटी भिंतीवर चढवण्याआधी लहान करायची, मशीनला ओझं नको. लहान केली की अक्षरं मेली. मग चौपट काय नि चाळीसपट काय, करड्या रेघाच मोठ्या होऊन दिसणार. हे सगळं बरोबर होतं. फक्त ती नोटीस त्यानं लहान केली होती का, हे त्याला आठवत नव्हतं. त्याला मुकादमचा टाय आठवत होता, खालच्या दुकानातला ग्रीसचा वास आठवत होता, तिच्या मलमाचा वास तर नाकात असा उभा राहिला की त्यानं आजूबाजूला पाहिलं. बटण दाबल्याचं तेवढं आठवेना. जेवणाच्या सुट्टीत त्यानं न राहवून मुकादमला फोन लावला. नऊ वर्षांनी. "मुकादम, एक विचारायचं होतं. तिसऱ्या गल्लीतली नोटीस आपण लहान केली होती ना?" पलीकडून ते जुनं, खोकल्यात संपणारं हसू. "चिचुंद्रीवाली? अरे, मी तुला दोनदा सांगितलं होतं लहान कर म्हणून. तू काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, राहू द्या मुकादम, पुढे मशिनं सुधारतील तेव्हा जगाला कळू द्या मी खुर्ची कशी मिळवली. का रे? बरी आहे ना ती?" "बरी आहे," तो म्हणाला. "आणि खुर्ची?" मुकादमनं विचारलं, आणि पुन्हा हसला.

त्याला राग आला, आणि तो मुकादमचा नव्हता, स्वतःचाही नव्हता, तिचा होता. कशाला हव्यात जुन्या गोष्टी उकरायला? रोज आठ तास प्रेसमध्ये औषधांच्या खोक्यातल्या घड्यांच्या कागदांवरची मुंगीएवढी अक्षरं तपासणारी बाई, जिला एक मात्रा चुकली तर दिसते, तिला एकवीस वर्षं त्या रेघांचा एकदाही संशय येऊ नये? एवढं कुणी भोळं असतं? भोळेपणा हाही एक हट्टच असतो, त्याला वाटलं, दुसऱ्यानं आपल्याला चांगलं ठेवावं यासाठी धरलेला. आणि मग लगेच तो धास्तावला. कारण जगात एकच माणूस होतं जे त्याला चांगला समजत होतं. आई समजत नव्हती, भाऊ समजत नव्हता, कारखान्यात तर कुणी विचारच करत नव्हतं. तिला मात्र तो वीस वर्षं खिडकीच्या उजेडातच दिसत आला होता. तिच्यावर प्रेम होतं का, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं, विचारायला धीर लागतो. पण तिच्या डोळ्यांतला तो माणूस गेला तर आपल्याजवळ दुसरा कुठलाच नाही, हे त्याला फरश्यांच्या त्या खोट्या शिरांकडे पाहताना लख्ख कळलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "शिळ्या कढीला ऊत आणायची हौस तुला. पन्नाशीला आली बाई आणि पोरासोरांसारखी टीव्हीपुढे बसणार." ती भांडी पुसत होती. "चार दिवस खेळीन आणि ठेवीन," ती म्हणाली. "तुझंच कौतुक बघायचंय ना मला." मग ती शेजारी किल्ली द्यायला गेली, तेवढ्यात त्यानं कपाट उघडलं, खालच्या खणातून खेळाची जुनी डिस्क काढली आणि तिच्या चकचकीत बाजूवर घराच्या किल्लीनं मधून कडेपर्यंत दोन ओरखडे काढले. डब्यात ठेवली. डब्याच्या आत तिनं त्या काळी चिकटवलेलं सिनेमाचं तिकीट होतं.

शनिवारी अकरा वाजताच तो बाहेर पडला. न्हाव्याकडे गेला, केस कापायची गरज नसताना कापले. चपलेचा बंद शिवून घेतला. एका दुकानासमोर उभं राहून पंख्यांच्या किमती विचारल्या. भित्र्या माणसाला शहरात कामांची वाण नसते. आपण नसताना ती डिस्क घालील, मशीनमध्ये डिस्क चालणार नाही, तिला चुटपुट लागेल, एखादा दिवस तोंड पाडून बसेल, संपलं. एवढंच दुःख तिच्या वाट्याला येऊ द्यायचं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यात त्याला स्वतःचा मोठेपणाही दिसायला लागला होता. पाचला तो घरी आला. पडदे ओढलेले होते, टीव्ही चालू होता, आणि ती सोफ्याच्या एका टोकाला हातात रिमोटसारखं ते कंट्रोलर घेऊन बसली होती. "ये, बस," ती म्हणाली. जांभळी उशी त्याच्या बाजूला, त्याच्या पाठीच्या जागी नीट उभी करून ठेवली होती. तो बसला. उशी पाठीला मऊ लागली. "डिस्क नाही चालली रे," ती म्हणाली, "ओरखडे पडलेत तिच्यावर. इतकी वर्षं डब्यातल्या डब्यात कसे पडले कोण जाणे. मग मी डाउनलोड केला, दहा मिनिटांत आला." टीपॉयवर डिस्क ठेवलेली होती, चकचकीत बाजू वर करून.

आणि पडद्यावर त्याच्या भिंती होत्या. देवा, काय दिसत होत्या! ओल ओलीसारखी, पोपडे पोपड्यांसारखे, आणि कुठल्या तरी कोपऱ्यात त्यानं गंमत म्हणून काढलेली मुंग्यांची रांगसुद्धा चालू लागेल अशी. क्षणभर तो सगळं विसरला. हे आपण केलं होतं, सत्तावीस वर्षांच्या आपण, आणि हे असं कुणी कधी पाहिलंच नाही. टपालवाला तसाच लाकडी होता, त्याचे हात तेवढेच ओबडधोबड, फक्त आता त्याचा ओबडधोबडपणाही साफ दिसत होता. भिंतींच्या चित्रांत त्या काळी जेवढं ठेवलं होतं तेवढं सगळं या मशीननं काही न विचारता बाहेर काढून मांडलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की ही तिसरी गल्ली आहे. सुरुवातीपासून इथवर यायला दोन तास लागतात. हे त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असणं त्यानं झुरळ झटकावं तसं झटकलं. टपालवाल्याचा खांदा भिंतीला टेकला. घासत, घासत, डाव्या बाजूनं, तिच्या जुन्या सवयीनं, घाई नाही, थांबणं नाही. कुलूप लावलेलं दुकान गेलं, मोडका नळ गेला, आणि टपालवाला थांबला.

पाच ओळी होत्या. त्याचंच अक्षर, पोटफुगा च, शेवटच्या उभ्या रेघेला खाली ओढायची खोड. शाई पावसानं फुटलेली दाखवायला त्यानं किती मेहनत घेतली होती, आणि तरी एकही शब्द फुटला नव्हता. आंधळ्यानं चाचपून वाचावा इतका स्वच्छ. त्याला वाटलं आता ती ओरडेल, रडेल, काहीतरी आपटेल. ती म्हणाली, "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. मला नुसतं गिचमिड दिसतंय बघ. तूच वाच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं जमलं नसतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्याला तर पूर्ण ओंडका मिळाला होता. त्यानं घसा खाकरला. "या गावात," तो म्हणाला, "एक मुलगी भिंतीच्या कडेनं चालते." आवाज बरा निघाला. "पुढे?" ती म्हणाली. "ती जिथून जाते... तिथे भिंतीलाही ऊब येते." ती हुं म्हणाली. "ज्याला ती भेटेल, त्याच्या खोलीला खिडकी असते." हे सुचलं तेव्हा त्याच्याच अंगावर काटा आला. "आणखी दोन ओळी आहेत ना? मला पाच रेघा दिसतायत," ती म्हणाली, शांतपणे, प्रेसमध्ये मजकूर पडताळताना जोडीदाराला म्हणावं तशी. "वाट पाहीन," तो म्हणाला, "खेळ संपेपर्यंत." आणि मग, एक शब्द कुठून तरी जिभेवर आलाच म्हणून, "आणि नंतर तिच्या उशाशी बसेन." संपलं. खोलीत फक्त मशीनच्या पंख्याची बारीक घरघर होती. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला ती मुलगी दिसली होती, बाह्या खाली ओढून घेणारी, रोज या रेघांपाशी उभी राहणारी. आणि त्याला वाटलं, खरंच असंच लिहिलं असेन मी, मनात असंच असेल, हात उगाच दुसरं लिहून गेला. निभावलं, त्याला वाटलं. आता हिला आयुष्यभर काही कमी पडू द्यायचं नाही. मलमाचा विषय सुद्धा घरात काढायचा नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "ते 'ऊब' कितव्या ओळीत आहे?"

"दुसऱ्या."

"आणि 'उशाशी'?"

"पाचव्या," तो म्हणाला आणि हसून तिच्याकडे वळला.

ती पडद्याकडेच पाहत होती. तिच्या दोन्ही बाह्या कोपरांच्या वर दुमडलेल्या होत्या. चष्मा डोक्यावर होता, नेहमीच्या जागी, केसांत खोचलेला. त्याला सवयीनं हसू यायला लागलं, आणि ते तोंडापर्यंत येऊन तिथेच राहिलं. तिनं एका हातानं चष्मा खाली ओढून नाकावर घेतला, काड्या कानांमागे नीट बसवल्या, आणि मांडी घालून सरळ बसली.

"हं," ती म्हणाली. "आता परत वाच."